दाह

सतरा वर्षं वखारीत तंबाखूची पानं निवडली.
आता तळहाताला वास येतो असं नाही,
तळहातच वासाचा झालाय.
शिकेकाई, लिंबाची फोड, चुलीतली राख, सगळं करून झालं.
प्रभुभोजनाच्या रविवारी भाकरीचा तुकडा हातावर पडतो
आणि जिभेपर्यंत जाईतो कडवट होतो.
पाळकबाईंना सांगितलं तर म्हणाल्या,
त्याला चालतं गं.

पण माझं दुखणं ते नव्हतं.
मला तहानच लागत नव्हती.
उपासना चुकवली नाही, दशांश चुकवला नाही,
तीन पाळक आले नि बदलून गेले, त्यांचा डबा चुकवला नाही.
पुस्तक न उघडता बारा बारा कडवी म्हणायची मी,
आणि मनात : हरभरे भिजत घातले का?
देव म्हणजे घरातला थोरला दीर.
पदर सावरायचा, ताट वाढायचं, नजर खाली,
बोलायचं काही नाही.

एस्तेरची आई चिकोडीहून यायची.
प्रार्थनेला बसली की मागंपुढं झुलायची,
रडायची, पदरानं नाक पुसायची.
मला हेवा वाटायचा. खोटं कशाला बोलू,
रागही यायचा.
एवढं कुणासाठी रडू येतं?
मी नवऱ्याच्या मातीलासुद्धा
मोजकंच रडले होते.

मग तो उत्तम शुक्रवार.
निपाणीचं एप्रिलचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं.
बारा ते तीन. सात उद्गार, सात बोलणारे,
पाचवा वाटा बेळगावहून आलेल्या कन्नड पाळकांचा.
आम्ही अर्धे मराठी, अर्धे कन्नड.
स्टँडवरच्या पाट्यांचं भांडण चर्चमध्ये शिरू नये
म्हणून सगळे जरा जास्तच प्रेमानं टेकून बसलेले.
माझं कन्नड बाजारापुरतं,
एष्टु, बेडा, कम्मी माडी.
त्या सगळ्या बोलण्यातून एकच शब्द ओळखीचा निघाला :
दाह.

मला वाटलं, आग.
पानांची थप्पी बाहेरून गार असते,
कोपरापर्यंत हात घातला की आत धग लागते, ती.
वर खिळलेला तो आतून धुमसतोय,
असंच अर्धा तास ऐकत राहिले.
कपाळाला घाम. शेजारी कुणी वहीनं वारा घेत होतं.

बाहेर चिंचेखाली शांतवनकाका चपला शोधत होते.
काका, त्याच्या अंगाची आग कशानं होत होती?
"आग नव्हे गं. कन्नडात दाह म्हणजे तहान."
डाव्या पायातली सापडली, उजव्या पायातली सापडली,
ते गेले.

मी तिथंच.
म्हणजे तो पाणी मागत होता.
एवढी वर्षं मी घागरीसारखी पालथी बसलेय
आणि वरून मागतोय तोच.
कुणाला? तिथं भाडोत्री शिपाई होते,
आंब होती.
आणि मी होते, सतरा वर्षांची हजेरी घेऊन,
पदर सावरून.

त्या रात्री प्रार्थनेला शब्द जमले नाहीत.
एवढंच म्हटलं, पाणी नको मला.
तुझ्यातली उरली असेल थोडी,
तर ती तहान दे.
म्हटलं आणि भ्याले,
थोरल्या दिराच्या ताटातलं मागितल्यासारखं.

सोमवारी वखारीत नवी पोर, नीलव्वा, गोकाककडची.
दुपारी माझ्यासमोर ओंजळ धरून उभी :
अक्का, नीर कोड.
मी विचारलं, दाह?
ती खळखळून हसली.
तो म्हणे पुस्तकातला शब्द,
आमच्याकडं नीरडिकी म्हणतात.
मी तांब्या वाकडा केला. ती प्यायली, घटाघटा,
कोपरावरून ओघळ गेले,
आणि ओंजळीतून वर आला
तोच वास, माझ्या हाताचा.

तांब्या रिकामा झाला.
माझा घसा कोरडा पडला होता.
माठ दोन पावलांवर होता, झाकणावर पेला पालथा.
गेले नाही.
थोडा वेळ
राहू दिला तसाच.